शब्दाची रूढी आणि बोलणाऱ्याची श्रद्धा

घटक शब्दांचे अर्थ जोडून ज्याचा अर्थ लागत नाही आणि जो दीर्घ वापराने एका विशिष्ट अर्थाशी बांधला गेला आहे, अशा शब्दसमूहाला वाक्प्रचार म्हणतात. मराठीतील कितीतरी वाक्प्रचार देव, दैव, पूजा आणि शकुन यांच्याभोवती घडले आहेत. नीरस भाषणात राम नसतो, नव्या कामाचा श्रीगणेशा होतो, रखडलेले काम पार पडले की गंगेत घोडे न्हाते आणि माणूस गेला की त्याला देवाज्ञा होते. हे सर्व शब्दप्रयोग ईश्वर न मानणाऱ्याच्या तोंडीही सहज येतात. म्हणून असा माणूस ते उच्चारताना नकळत श्रद्धेची कबुली देतो की केवळ भाषेची रीत पाळतो, हा प्रश्न भाषेइतकाच धर्मविचाराचाही ठरतो.

या प्रश्नाची तात्त्विक बाजू संस्कृत साहित्यशास्त्राने फार पूर्वी हाताळली आहे. ११व्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट यांनी ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेची, म्हणजे मूळ अर्थ बाधित झाल्यावर त्याच्याशी संबंधित असा दुसरा अर्थ देणाऱ्या शब्दशक्तीची, चर्चा केली असून अशा अर्थांतरामागे एकतर रूढी असते किंवा वक्त्याचे काही प्रयोजन असते, असे सांगितले आहे. रूढीचे उदाहरण म्हणून त्यांनी ‘कुशल’ हा शब्द घेतला. कुश नावाचे गवत खुडणारा हा त्याचा मूळ अर्थ कामातील निपुणतेला लागू पडत नाही, म्हणून तेथे लक्षणा मानावी, असा त्यांचा अभिप्राय आहे. १४व्या शतकातील विश्वनाथ यांनी ‘साहित्यदर्पणा’त हे मत नाकारले. शब्द कशावरून बनला हे व्युत्पत्तिनिमित्त आणि तो कशासाठी वापरला जातो हे प्रवृत्तिनिमित्त, ही दोन्ही भिन्न असून ‘निपुण’ हाच ‘कुशल’ शब्दाचा मुख्य अर्थ होय, असे त्यांचे म्हणणे आहे. व्युत्पत्तीलाच प्रमाण मानले, तर ‘गो’ हा शब्द जाण्याच्या क्रियेवरून बनलेला असल्यामुळे ‘गाय निजली आहे’ या साध्या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल, हा त्यांचा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे.

विश्वनाथांचा हा विवेक वाक्प्रचारांना लावला, तर ‘यात राम नाही’ असे म्हणणारा नास्तिक आत्मवंचना करत नाही, हे स्पष्ट होते, कारण त्या शब्दांचे आजचे प्रवृत्तिनिमित्त सत्त्वाचा अभाव एवढेच आहे. तथापि सर्वच वाक्प्रचार इतक्या सहज सुटत नाहीत. त्यासाठी एक कसोटी वापरता येते: मागची श्रद्धा वजा केल्यावर शब्दप्रयोगात काय उरते, हे पाहावे. ‘श्रीगणेशा’मध्ये आरंभ उरतो. ‘देवाज्ञा झाली’मध्ये मृत्यूची वार्ता तर उरतेच, शिवाय कोणाला दोष न देता ती स्वीकारण्याची नम्रताही उरते. मात्र घरातील लहान मुलाने ‘देवाने अशी आज्ञा का दिली?’ असे विचारताच निजलेला मूळ अर्थ जागा होतो आणि रीत म्हणून बोललेल्या शब्दांचे उत्तर श्रद्धेच्या पातळीवर द्यावे लागते. रूढीने मूळ अर्थ झाकला जातो. तो नाहीसा होतोच असे नाही.

‘वाढवणे’ या क्रियापदाच्या वापरात हे जवळून पाहता येते. देवापुढे नारळ फोडायचा असला, तरी बोलताना तो वाढवतात. बांगडी फुटली की ती वाढवली म्हणतात आणि दिवसाअखेर दुकान बंद करणेही दुकान वाढवणे ठरते. फुटणे आणि बंद होणे हे अशुभ शब्द मंगल वस्तूंजवळ येऊ नयेत, उच्चारलेला शब्द घडणाऱ्या गोष्टीला ओढून आणतो, या प्राचीन धारणेचा हा ठसा आहे. ती धारणा आज ज्याला पटत नाही, तोही निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि त्यातून शब्दाच्या सामर्थ्याविषयीचे भय ओसरल्यावरही मागे राहणाऱ्याविषयीची माया त्याच शब्दात टिकून राहते.

याउलट ‘पांढऱ्या पायाची’ हा प्रयोग त्याच कसोटीवर धरला, तर निराळेच दिसते. नवी सून घरात आल्यावर झालेल्या मृत्यूचा किंवा नुकसानीचा दोष तिच्या पायगुणावर टाकणारे हे शब्द आहेत, आणि पायगुणावरील विश्वास काढून घेतला की त्यांत काहीही उरत नाही, कारण येथे प्रवृत्तिनिमित्तच अंधश्रद्धेचे आहे. असे शब्द ‘बोलण्याची पद्धत’ म्हणून कोणी उच्चारले, तरी एका निरपराध स्त्रीवर ठेवलेला आरोप कायमच राहतो.

म्हणून वाक्प्रचारातील श्रद्धेचा प्रश्न सरसकट होकाराने किंवा नकाराने सुटत नाही. रूढी वक्त्याला मूळ अर्थाच्या बंधनातून मोकळे करते, पण शब्द आज ज्या अर्थाने ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो त्या अर्थाच्या उत्तरदायित्वातून मोकळे करत नाही. ‘येतो’ म्हणणाऱ्याने परंपरेकडून माया घेतली आहे आणि ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणाऱ्याने क्रौर्य घेतले आहे. दोन्ही शब्द वारशानेच मिळालेले असले, तरी त्यांतला कोणता पुढे चालवायचा, हे प्रत्येक पिढीच्या विवेकावर अवलंबून आहे.