दहा मिनिटांचं आकाश

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमानंतर जेवणाच्या टेबलाभोवती गप्पा रंगल्या की तीन विषय हमखास निघतात. घरांच्या किमती, मुलांचे कॉलेज प्रवेश आणि मेरिट. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, तेव्हापासून तर दुसरा आणि तिसरा विषय एकच होऊन बसला आहे. आणि मग कुणी ना कुणी ते ठरलेलं वाक्य म्हणतंच, "अहो, ज्याच्यात खरी धमक आहे त्याला कोणी अडवू शकत नाही!" बाकीचे माना डोलावतात. साहजिक आहे. आपण बहुतेक सगळे परीक्षा देऊन, मार्क मिळवून, व्हिसाच्या रांगेत उभं राहून इथवर आलेली मंडळी. हे वाक्य आपल्याला स्वतःच्या आयुष्याचं सार वाटतं.

पण वाक्य खरं आहे का? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम चालतो की नाही हे सोप्या केसवर ठरवत नाहीत, अवघड केसवर चालवून बघतात. मेरिटसाठी तशी केस शोधायची तर अंतराळवीरांच्या निवडीइतकी चांगली कुठली सापडणार? तिथे वशिला चालत नाही असं आपण धरून चालतो. रक्तदाबापासून गणितापर्यंत सगळं मोजलं जातं. अशा ठिकाणी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

१९५९ साली नासाने पहिले सात अंतराळवीर निवडले. अटी अगदी स्वच्छ होत्या. लष्करी टेस्ट पायलट हवा, दीड हजार तास उड्डाणाचा अनुभव हवा, इंजिनियरिंगची किंवा तत्सम पदवी हवी, उंचीसुद्धा ठरलेली. या यादीत रंगाचा उल्लेख कुठेही नाही. पण अमेरिकन सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा ट्रुमन यांचा आदेश निघाला तो १९४८ साली, म्हणजे फक्त अकरा वर्षं आधी. अकरा वर्षांत सैन्यात शिरून, विमान शिकून, बढत्या घेऊन टेस्ट पायलटच्या शाळेपर्यंत किती कृष्णवर्णीय पोचणार? चाळणीच्या भोकांचा आकार सगळ्यांना सारखाच होता, फक्त चाळणीपर्यंत धान्य येऊ द्यायचं की नाही हे आधीच ठरून गेलं होतं.

तरीही एक जण पोचला. एड ड्वाइट. कॅन्सस सिटीत लहानपणी पेपर टाकताना त्यांनी पहिल्या पानावर एका कृष्णवर्णीय वैमानिकाचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून विमानाचं वेड घेतलं. पुढे ते हवाई दलात गेले, १९५७ मध्ये अ‍ॅरिझोनातून एरोनॉटिक्सची पदवी घेतली. केनेडी सरकारला अंतराळवीरांत एक कृष्णवर्णीय चेहरा हवा होता. त्यात न्यायाची चाड किती आणि राजकारण किती, हा हिशोब ज्याने त्याने करावा. ड्वाइट यांची एडवर्ड्स तळावरच्या प्रशिक्षण शाळेत वर्णी लागली. तिथले प्रमुख होते ध्वनीची भिंत भेदणारे चक येगर. ड्वाइट यांचे फोटो मासिकांवर झळकले, भाषणांची आमंत्रणं आली, पत्रांचा पाऊस पडला. हवाई दलाने त्यांचं नाव नासाकडे पाठवलं. ऑक्टोबर १९६३ मध्ये नासाने चौदा जणांची यादी जाहीर केली. त्यात ड्वाइट नव्हते. १९६६ मध्ये त्यांनी हवाई दल सोडलं.

का नव्हते? ड्वाइट यांचं म्हणणं असं की शाळेत त्यांना पद्धतशीरपणे एकटं पाडण्यात आलं. येगर यांनी आत्मचरित्रात नेमकं उलट लिहिलं आहे. ड्वाइट अभ्यासात मागे पडत होते, वरून दबाव आला म्हणून त्यांना घ्यावं लागलं, असं त्यांचं म्हणणं. आज दोघांपैकी कुणाचं खरं, हे सांगता येत नाही. आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. समजा येगर बरोबर होते, ड्वाइट खरोखरच थोडे कमी पडले. तरी ते आपल्याला कधीही खात्रीने कळणार नाही, आणि खुद्द ड्वाइट यांनाही कळणार नाही. टेस्टिंगचं वातावरणच बिघडलेलं असेल तर 'पास' आला काय आणि 'फेल' आला काय, त्या निकालाला काडीची किंमत नसते. वर्णभेदाने माणसाची संधी जाते हे आपण सगळे म्हणतो. त्याहून सूक्ष्म नुकसान हे की आपण नेमके किती पाण्यात आहोत हे प्रामाणिकपणे कळण्याचा माणसाचा हक्कच जातो. नापास होणारा सरळ नापासही होऊ शकत नाही. आणि गंमत म्हणजे पास झालेल्या चौदा जणांच्या निकालावरही तीच धूळ बसते, फक्त त्यांना ती कुणी दाखवत नाही.

दुसरी गोष्ट रॉबर्ट लॉरेन्स यांची. शिकागोचे, हवाई दलात मेजर, भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट. जून १९६७ मध्ये हवाई दलाच्या स्वतंत्र अंतराळ प्रयोगशाळेच्या प्रकल्पासाठी त्यांची अंतराळवीर म्हणून निवड झाली. अमेरिकेने निवडलेले ते पहिले कृष्णवर्णीय अंतराळवीर. त्याच वर्षी ८ डिसेंबरला प्रशिक्षणाच्या उड्डाणात मागच्या सीटवर बसून ते दुसऱ्या वैमानिकाला शिकवत असताना विमान कोसळलं आणि ते गेले. वय ३२. दोन वर्षांनी तो प्रकल्पच रद्द झाला आणि त्यातले वयाने लहान सात जण नासात आले. पुढे शटल चालवणारे क्रिपेन आणि ट्रुली त्यांतलेच. लॉरेन्स जगले असते तर तेही वयाच्या अटीत बसत होते.

केनेडी स्पेस सेंटरमध्ये कामगिरीवर गेलेल्या अंतराळवीरांच्या नावांची एक मोठी काळी आरशासारखी भिंत आहे. तिच्यावर लॉरेन्स यांचं नाव नव्हतं. कारण काय, तर हवाई दलाच्या व्याख्येप्रमाणे ५० मैलांच्या वर गेलेला तोच अंतराळवीर, आणि लॉरेन्स तेवढ्या उंचीवर कधी गेले नव्हते. पण त्याच भिंतीवर थिओडोर फ्रीमन यांचं नाव होतं. ड्वाइट ज्या शाळेत शिकले तिथूनच नासात गेलेले फ्रीमन १९६४ मध्ये विमान अपघातात वारले, अंतराळात न जाताच. ते नासाचे म्हणून अंतराळवीर, लॉरेन्स हवाई दलाचे म्हणून नाहीत! इथे कुणी दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. व्याख्या होती, कारकुनाने ती लावली. ऑफिसात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही जात चांगली ओळखीची आहे. 'पॉलिसी आहे हो, मी काय करणार' म्हणणारा माणूस बहुधा सज्जनच असतो. ८ डिसेंबर १९९७ रोजी, बरोबर तीस वर्षांनी, लॉरेन्स यांचं नाव भिंतीवर आलं.

मधल्या काळात बदललं काय? १९७८ मध्ये शटलसाठी नासाने ३५ जण घेतले. त्यांत सहा स्त्रिया होत्या आणि तीन कृष्णवर्णीय होते: गायन ब्लूफर्ड, रॉन मॅकनेर, फ्रेड ग्रेगरी. पंधरा वर्षांत कृष्णवर्णीयांच्या डोक्यात अक्कल वाढली होती का? नाही. टेस्ट पायलटच हवा ही अट शास्त्रज्ञांसाठी गेली होती आणि नासा पहिल्यांदाच घराबाहेर पडून लोकांना 'अर्ज करा' म्हणून सांगत फिरत होती. 'स्टार ट्रेक'मधल्या अभिनेत्री निशेल निकोल्स यांना त्यासाठी मुद्दाम बोलावलं होतं. अर्ज आठ हजारांवर आले.

यांतल्या मॅकनेर यांची एक गोष्ट अमेरिकेत बऱ्याच शाळांतून सांगतात. दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटी गावात, वय नऊच्या आसपास, ते गावच्या लायब्ररीत पुस्तकं घ्यायला गेले. लायब्ररी गोऱ्यांची. पोरगा हटेना, तेव्हा पोलिसांना फोन गेला. पोलीस आले, आई आली, शेवटी पुस्तकं मिळाली. साल १९५९, म्हणजे नासाने पहिले सात निवडले तेच. पुढे या मुलाने एमआयटीतून लेसर विषयात डॉक्टरेट केली, १९८४ मध्ये अंतराळात सॅक्सोफोन वाजवला, आणि २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजरबरोबर गेला. त्या लायब्ररीच्या जुन्या इमारतीला आता त्याचंच नाव आहे. ही गोष्ट ऐकून आपण म्हणतो, बघा, जिद्द असली की सगळं होतं. मला मात्र त्या दिवशी लायब्ररीच्या दारावरूनच परत गेलेली मुलं दिसतात. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती गोष्ट झालीच नाही.

ब्लूफर्ड ३० ऑगस्ट १९८३ च्या रात्री चॅलेंजरमधून गेले. अंतराळात जाणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. (आफ्रिकी वंशाचे जगातले पहिले मात्र क्यूबाचे आर्नाल्डो तमायो मेंदेझ. लहानपणी बूटपॉलिश केलेल्या या माणसाला सोव्हिएत रशियाने १९८० मध्येच नेलं होतं. शीतयुद्धात समानता हीही एक स्पर्धाच होती.) ब्लूफर्ड यांनी व्हिएतनाममध्ये १४४ लढाऊ उड्डाणं केलेली, वर एरोस्पेसमधली डॉक्टरेट. 'पहिलं' असण्याची त्यांना फारशी हौस नव्हती. दुसरं किंवा तिसरं असणं बरं, काम करता येतं आणि गर्दीत मिसळून जाता येतं, असा त्यांचा सूर होता. तर या उड्डाणाशी आपलं एक नातं आहे. त्या यानातून जो उपग्रह सोडला तो भारताचा इन्सॅट-१बी. दूरदर्शनचं जाळं गावोगावी पसरलं ते या उपग्रहाच्या जोरावर. रविवारी सकाळी सगळी आळी ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या घरात जमायची, त्या आमच्या बालपणाची सोय ब्लूफर्ड आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी केली होती.

नातं इथेच संपत नाही. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता. तो गेला ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि हा, तिन्ही एकाच लाटेवर आले, आणि ती लाट उठवताना लाठ्या आणि कुत्रे अंगावर घेतले ते कृष्णवर्णीयांनी. १९५५ सालचा पुण्याचा इंजिनियर १९७५ सालच्या इंजिनियरपेक्षा कमी हुशार नव्हता. तो इथे आला नाही, कारण दार बंद होतं. म्हणजे आपल्या मेरिटची गोष्टही दार उघडण्यापासूनच सुरू होते, आणि ते आपण उघडलेलं नाही. महात्मा फुल्यांना हे नातं कितीतरी आधी दिसलं होतं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना.

आता दुसरी बाजू. रंग बघून निवड करणं हा निवडलेल्या माणसाचाच अपमान नाही का? हा प्रश्न खोटा नाही. नासाने चंद्रावर पहिली स्त्री आणि पहिली गौरेतर व्यक्ती उतरवू असं जाहीर केलं होतं, ती वाक्यं मार्च २०२५ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. माझं मत विचाराल तर अशा घोषणा नसल्या तरी चालेल. २०२३ मध्ये आर्टेमिस-२ साठी व्हिक्टर ग्लोव्हर यांना वैमानिक म्हणून निवडलं तेव्हा ते आधीच स्पेस स्टेशनवर काही महिने राहून आले होते, त्यांना बिरुदाची गरज नव्हती. पण घोषणा काढल्या म्हणून चाळणीकडे बघणंही सोडून द्यायचं का? जेनेट एप्स यांना २०१८ च्या उड्डाणातून ऐन वेळी काढलं, कारण जाहीर झालं नाही. २०२४ मध्ये त्या गेल्या आणि २३५ दिवस राहून आल्या. ते कारण रंगाचं होतं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण त्या बातमीनंतर लोकांच्या मनात जो संशय आला तो हवेतून आला नव्हता, ड्वाइट आणि लॉरेन्स यांच्या फायलींतून आला होता.

एड ड्वाइट पुढे शिल्पकार झाले. डेन्व्हर विद्यापीठातून कलेची पदव्युत्तर पदवी घेतली, शंभरावर सार्वजनिक शिल्पं केली. आयुष्य वाया गेलं असं कोण म्हणेल? १९ मे २०२४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एका खासगी कंपनीच्या यानातून ते अंतराळात जाऊन आले. सीटचा खर्च मुख्यतः एका संस्थेने दिला. सारी सफर जेमतेम दहा मिनिटांची. मला याची आता गरज नाही असं वाटत होतं, पण होती, अशा अर्थाचं काहीतरी ते उतरल्यावर म्हणाले. याला न्याय म्हणायचं का? न्याय द्यायचा होता नासाने आणि हवाई दलाने, आणि तोही तिशीतल्या माणसाला. नव्वदीतल्या माणसाला मिळाली ती भेट. भेट गोड असते, पण तिने कर्ज फिटत नाही.

त्याच यानात ड्वाइट यांच्याबरोबर गोपी थोटाकुरा होते. भारतातल्या वर्तमानपत्रांनी पहिला भारतीय अंतराळ पर्यटक म्हणून त्यांचे मथळे दिले. आपल्या माणसाचा अभिमान वाटणारच. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया कोसळलं तेव्हाही आपल्याला दुःख झालं ते प्रथम कल्पनाचं. त्या यानावरच्या प्रयोगांची जबाबदारी मायकेल अँडरसन यांच्याकडे होती. कृष्णवर्णीय, हवाई दलाचे, आधी रशियाच्या मीर स्थानकावरही जाऊन आलेले. सोळा दिवस काम दोन पाळ्यांत चालायचं, कल्पना एका पाळीत आणि अँडरसन दुसऱ्या. मंडळात १ फेब्रुवारीला कल्पनाची आठवण काढाल तेव्हा सगळी सातही नावं वाचावीत, एवढी माझी कार्यकारिणीला सूचना आहे: रिक हसबंड, विल्यम मकूल, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इलान रमोन, कल्पना चावला, मायकेल अँडरसन.