शीग कोणाची?

एक पायली तांदूळ म्हणजे किती, असे आज डोंबिवलीच्या एखाद्या शाळकरी पोराला विचारून पाहा. पायली म्हणजे पायात घालायचे काहीतरी, असेच त्याला वाटेल. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या घरी तांदूळ येतो तो पिशवीत, वर किलो छापलेला. आमच्या लहानपणी मात्र घराची ऐपत पायलीत सांगत आणि भूक चिपट्यात.

चार निठव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. ठाणे-वसईच्या बाजूला फरा आणि मुडा अशीही मोठी मापे चालत. गावागणिक पायलीत फरक पडे, म्हणून परगावी व्यवहार करताना ‘पायली कुठली?’ हे आधी विचारावे लागे. शिवाय वजनी शेर वेगळा आणि मापी शेर वेगळा. वजनी शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेराला वजनाचे बंधन नाही. त्यात जेवढे मावेल तेवढे. भात हलके भरते, तांदूळ जड भरतो.

खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, असा हिशेब चाले. आणि पायली भरली म्हणजे ती काठाशी थांबत नसे. वर धान्याची टोकदार रास उभी राही, दाणे चहूकडून घरंगळू लागत, तेव्हा ती भरली असे समजायचे. त्या राशीला शीग म्हणतात. मला आज जे सांगावयाचे आहे ते या शिगेविषयी.

आमचे गाव कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या वाटेवर. आजोबांची भातशेती होती आणि थोडी सावकारीही. आषाढात गोरगरिबांच्या कणग्या रिकाम्या होत, तेव्हा ते खावटी देत. म्हणजे खायला धान्य द्यायचे आणि पीक आले की दीडपट परत घ्यायचे. ठाणे जिल्ह्यात हा व्यवहार फार जुना. खावटी आणि वेठ यांखाली भरडलेल्या वारल्यांनी १९४५ साली तलासरी-उंबरगावकडे उठाव केला. त्या दिवसांची हकीगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आमच्या गावापर्यंत ती हवा आली नाही. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, मुखी नाम. कार्तिकीच्या द्वादशीला आमच्या अंगणात पारण्याची पंगत बसे आणि तिला पाच मण तांदूळ घरचा लागे. त्यांना कोणी कठोर म्हटलेले मी ऐकले नाही.

घरात दोन पायल्या होत्या. एक उंच, अरुंद तोंडाची. दुसरी बसकी, रुंद तोंडाची, लोखंडी पट्टी मारलेली. द्यायची ती उंच, घ्यायची ती बसकी. घरात कुजबूज असे की बसकी मोठी आहे. आजोबा तेवढ्यापुरते चिडत आणि माळेवर हात ठेवून सांगत, ‘दोन्ही चार शेरांच्याच आहेत. खोटे निघाले तर पांडुरंग बघून घेईल.’

पुढे दशमान मापे आली. कायदा १९५६ चा. १९५८ पासून वजने बदलू लागली आणि १९६२ पर्यंत शेर-पायलीचा व्यवहार कायद्याने संपला. जुनी मापे अडगळीत जायच्या सुमारास, चौदा वर्षांच्या वयाला शोभेल असा उद्योग मी केला. विहिरीवर नेऊन उंच पायली पाण्याने काठोकाठ भरली आणि बसकीत ओतली. थेंब सांडला नाही, थेंब उणा पडला नाही. मी धावत ओटीवर गेलो आणि ओरडलो, ‘आजोबा, दोन्ही सारख्याच!’ आजोबांचा चेहरा उजळला. ओटीखाली ठाकरांच्या वाडीतला एक म्हातारा खावटी फेडायला आला होता. तो हसला आणि हळूच म्हणाला, ‘पोरा, पान्याला शीग येते का रं?’

आजोबा काही बोलले नाहीत. उठून आत गेले.

तेव्हा मला कळले नाही. कळले ते पुष्कळ वर्षांनी, हिशेब मांडला तेव्हा. राशीचे तोंड दीडपट रुंद झाले की तिची उंचीही दीडपट होते, आणि आतले धान्य दीडपट नव्हे, तिपटीहून जास्त होते. आमच्या उंच पायलीची शीग चिपट्यालाही पुरी नव्हती. बसकीची मापट्याच्या वर जाई. घेताना आणि देताना दोन्ही वेळा पायली शिगेसकट भरायची, म्हणजे रीत पाळली. आणि तरी मणामागे दीड पायलीच्या वर धान्य ऋणकोकडून आमच्या कणगीत येई. दीडपट घेणे उघड होते, ते घेणाऱ्यालाही ठाऊक आणि देणाऱ्यालाही. हे दीडपटीच्या वरचे. यात मापाला खोटा बूड नाही, अंगठा आत घातलेला नाही. सरकारी तपासनीस आला असता तर दोन्ही पायल्यांवर शिक्का मारून गेला असता. शिक्का काठापर्यंतच्या मापाला, काठावरच्या राशीला कोण मारणार?

आता प्रश्न असा. आजोबांनी घेतलेली शपथ खोटी होती का? अक्षर न् अक्षर खरी होती. तरीही ती शपथ घेताना त्यांना ठाऊक होते की लोक विचारतात एक आणि आपण उत्तर देतो दुसऱ्याचे. मला वाटते, साध्या लबाडाला निदान आपण खोटे बोलतो याची टोचणी असते. खऱ्या वाक्याच्या आड बसलेल्याला तीही राहत नाही, आणि माळकऱ्याला हा धोका अधिक. कारण त्याच्या शपथेला वजन असते.

कोणी म्हणेल, पण ते धान्य पुन्हा पंगतीलाच गेले ना? भुकेल्याच्या मुखी पडले, देवाच्या नावाने पडले. हे म्हणणे मी वर्षानुवर्षे मनाशी धरून होतो. शेवटी दामाजीपंतांच्या कथेने ते सुटले. मंगळवेढ्याला दुष्काळात दामाजींनी बेदरच्या बादशहाची कोठारे लोकांना खुली केली, ही कथा आपल्या कीर्तनांतून सर्वांनी ऐकली आहे. आपण तिथे टाळी वाजवतो ती विठू महार होऊन आलेल्या देवासाठी. पण देव बेदरला कशासाठी गेला, ते पाहा. धान्याचे मोल भरायला गेला, आणि पावती घेऊन आला! ‘धर्मकार्य झाले, आता हिशेब कसला’ असे तो म्हणाला नाही. धान्य ज्याचे होते त्याचे त्याला मोजून पोचले. तुकोबांचेही तसेच. कर्जखते इंद्रायणीत सोडताना त्यांनी भावाच्या वाट्याची कान्होबांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडविली, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या धान्यावर उदार होणे सोपे. आजोबांनी दरसाल पाच मण उदारपणा केला, आणि त्यातला किती त्यांचा होता हे त्यांनी कधी मोजले नाही. पंगत घालण्याआधी वाडीवर एक फेरी मारायला हवी होती.

आजोबांना दोष देऊन मी मोकळा होतो असे समजू नका. त्याच भातावर मी वाढलो, शिकलो, रेल्वेच्या पासावर नोकरी केली, डोंबिवलीत घर घेतले. उंच पायली कुठे गेली कोण जाणे. बसकी माझ्याकडे आहे. आषाढीच्या दिंडीला आमच्या घरून जो शिधा जातो तो मी तिनेच मोजतो, शिगेसकट, आणि सून म्हणते की बाबा, जमिनीवर किती सांडवता.

त्याने काही फिटले असे मी म्हणत नाही. निवृत्त झाल्यावर दोनदा त्या वाडीचा माग काढला. पहिल्या खेपेला दोन घरे उरली होती. म्हाताऱ्याचा मुलगा वीटभट्टीवर कामाला गेला, कुठल्या ते शेजाऱ्यांना सांगता आले नाही. दुसऱ्या खेपेला वाडीच्या जागी पत्र्याचे कुंपण होते आणि आत इमारतीचा पाया खणला जात होता. दामाजीपंतांना निदान धनी कोण हे माहीत होते.