खुंट आणि डोळा

चंडीगडच्या सोळाव्या सेक्टरमधील गुलाबबाग १९६७ साली उभी राहिली. सुमारे तीस एकरांच्या या बागेला डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव आहे. तिच्यामागची दृष्टी मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ आणि प्रशासक महिंदरसिंग रंधावा यांची. शेकडो वाण तेथे फुलतात. पाहणारा फूल पाहतो, त्याचे नाव विचारतो आणि पुढे जातो.

परंतु गुलाबाच्या कलमात दोन जीव नांदत असतात. काटक, बहुधा रानवट जातीच्या खुंटाच्या सालीला चीर देऊन तिच्यात निवडक वाणाचा डोळा भरतात. डोळा फुटला की खुंटाचा माथा छाटला जातो. पुढे मातीतील पाणी खुंटाने शोषावयाचे आणि फूल डोळ्याच्या नावाने ओळखले जावयाचे.

खुंट मात्र मेलेला नसतो. संधी मिळताच तो डोळ्याच्या खालून स्वतःची फूट काढतो, जोमदार, सरळसोट. नवख्या मालकाला तिचा आनंद होतो. माळ्याला होत नाही, कारण ती राहू दिली तर सारा रस ती ओढून घेते आणि वरचा वाण खुरटत जातो. म्हणून ती काढावीच लागते. ज्याला संगोपन म्हणतात त्यातले निम्मे काम हे असे असते. मग माळ्याने जगविले ते झाड नेमके कोणाचे?

खुंटाचा पक्ष घेणे सोपे, पण भाबडे आहे. तोही माळ्यानेच लावलेला असतो. काढण्याची गरज मान्य करूनही ऋण उरते, एवढेच खरे.

या शहराचे बीजही अशाच एका छाटणीत आहे. १९४७ साली लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला नवी राजधानी हवी झाली. ल कॉर्ब्युझिए यांचा आराखडा शिवालिकच्या पायथ्याच्या नांदत्या गावांवर आणि त्यांच्या शेतांवर उतरला. काही गावे उठली. बुडैलसारखी काही सेक्टरांच्या चौकटीत राहून गेली. फाळणीच्या निर्वासितांचे पुनर्वसन ज्यांनी सांभाळले, त्याच रंधावांनी पुढे या शहराच्या रस्त्यांसाठी वृक्ष निवडले. उपमा फार ताणू नये: शेतकरी म्हणजे खुंट नव्हे, त्याला बोलता येते, आणि त्यामुळे त्याचे ऋण अधिक जड होते.

ऑक्टोबरात छाटणी सुरू होते. अडाणी हात खुंटाची फूट मातीलगत कापतो आणि ती दुपटीने परत येते. जाणता माळी खाली बसतो, बोटांनी माती सारतो, ती कोठून निघाली ते शोधतो. तेव्हा खुंट उघडा पडतो: गाठाळ, काळपट, ओलसर. माळी फूट मुळाशी ओरबाडून काढतो, माती पुन्हा लोटतो आणि त्याच बुंध्याभोवती शेणखत घालतो.