हं… पुढे बोला

माझा एक वर्तनवादी मित्र परिसंवादात म्हणाला, "रॉजर्सचं काम आता मोबाइल करतो. रात्री दोन वाजता आणि फुकट. तुमचंच वाक्य तुम्हाला परत द्यायचं, झालं समुपदेशन!" सभागृह हसलं. मीही हसलो, आणि त्याचाच राग अजून गेलेला नाही.

समुपदेशकाने सल्ला न देता ऐकावं, असं मानणारा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स; त्याच्यावरचा हा विनोद जुनाच आहे. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉमने 'एलिझा' हा प्रोग्रॅम जगापुढे आणला. समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न करायचा, इतकंच त्याला येई. नकलेसाठी त्याने रॉजर्सपंथी समुपदेशकच निवडला, कारण जगातलं काही माहीत नसल्यासारखं बोलणं त्यालाच खपून जातं. पण वायझेनबॉमची सेक्रेटरी या यंत्राशी बोलता बोलता त्यालाच खोलीबाहेर जायला सांगू लागली, तेव्हा तो हादरला. यंत्राला काय सोपवू नये, यावर त्याने १९७६ मध्ये पुस्तक लिहिलं. माझा मित्र एलिझापाशीच थांबतो. खरा रॉजर्स मात्र नुसता प्रतिध्वनी नव्हता.

 

१९६५च्या एका प्रसिद्ध फिल्ममध्ये ग्लोरिया नावाची घटस्फोटित बाई कार्ल रॉजर्सला विचारते, आपल्या आयुष्यातल्या पुरुषांविषयी नऊ वर्षांच्या मुलीला खरं सांगू का? तो उत्तर देत नाही. ती चिडते, पुन्हा विचारते. पुढे केव्हातरी म्हणते, तुमच्यासारखे वडील हवे होते. त्यावर तो सांगतो की मुलगी म्हणून ती त्याला छान वाटते. हा प्रतिध्वनी नव्हे. फ्रॉइडच्या पठडीतल्यांनी यावर नाकं मुरडली, पण साठी ओलांडलेला माणूस इथे आपलं काहीतरी पुढे ठेवतो.

त्याच मालिकेत ग्लोरियाला अल्बर्ट एलिसही भेटतो. किशोर फडक्यांच्या प्रयत्नांनी आपल्याकडे रुजला तो एलिस. आगरकरांच्या महाराष्ट्राला विचारातली चूक बोट ठेवून दाखवणारा माणूस जवळचा वाटला, यात नवल नाही. गप्प बसून ऐकणारा आपल्याला संशयास्पद वाटतो. आपण ऐकतो ते आपली पाळी येईपर्यंत.

आता माझ्याच, म्हणजे रॉजर्सच्या, बाजूची पडझड. रॉजर्सबरोबर काम केलेल्या चार्ल्स ट्रुअक्सने १९६६ मध्येच रॉजर्सच्या बैठकींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तर त्याच्या 'विनाअट स्वीकारा'ला, म्हणजे समोरचा काहीही बोलला तरी त्याला आपलं मानण्याला, अटी निघाल्या. समोरचा विशिष्ट तऱ्हेने बोलू लागला की रॉजर्सच्या प्रतिसादातला ओलावा वाढे, आणि मग तसं बोलणंही वाढे. बक्षीस मिळालं की वर्तन वाढतं, हा वर्तनवादी स्किनरच्या कबुतरांचा धडा त्याचा प्रतिस्पर्धीच नकळत गिरवत होता! मित्राला हे ठाऊक नव्हतं. मला होतं, म्हणून मी परिसंवादात गप्प बसलो.

तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबरचा घाव मात्र अधिक खोल होता. १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात दोघांचा जाहीर संवाद झाला. रॉजर्सचं म्हणणं, संवादाच्या ऐन क्षणी अशील आणि मी बरोबरीचे असतो. ब्यूबर ऐकेना. मदत मागायला तो तुमच्याकडे येतो, तुम्ही त्याच्याकडे जात नाही; त्याच्या बाजूचं तुम्हाला दिसतं, त्याला तुमच्या बाजूचं दिसत नाही. शिवाय ज्याचा भवतालावरचा विश्वासच उडालाय, त्या रुग्णाशी कसली बरोबरी? त्याच वर्षी रॉजर्स विस्कॉन्सिनला गेला, आणि तिथे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर आपली पद्धत आजमावली. १९६७ साली अहवाल पुस्तकरूपाने निघाला. उपचार घेतलेले आणि न घेतलेले, यांत एकंदरीत फारसा फरक नव्हता.

म्हणजे 'विनाअट' हा शब्द मी सोडतो. लिहायला बसलो तेव्हा सोडणार नव्हतो. बरोबरीही सोडतो. पण ट्रुअक्सला रॉजर्स सापडला कसा? बंद खोलीतलं बोलणं रॉजर्सनेच मुद्रित करून ठेवलं होतं. एका अशिलाच्या सगळ्या बैठकी तर १९४२ सालीच शब्दशः छापल्या होत्या. फ्रॉइडने मागे आठवणीतून लिहिलेल्या कहाण्या ठेवल्या, याने पुरावा ठेवला.

ट्रुअक्सचा निबंध मित्राला पाठवतोय, माझ्याविरुद्ध वापरायला. सोबत ग्लोरियाची फिल्मही. अर्धा तास मध्ये न बोलता बघ, एवढी एक अट घातली आहे.