आधी पोच

एका शहरात एक तरुण राहत होता. त्याला संगणकाचे प्रोग्राम लिहिता येत. त्या शहरात तीन वाचनालये होती. हवे ते पुस्तक नेमके कुठे आहे हे कळायला वाचकांना तिन्हीकडे खेटे घालावे लागत. तिन्ही वाचनालयांच्या याद्या त्यांच्या त्यांच्या सर्व्हरवर होत्या. तरुणाला वाटले, वाचकाने घरबसल्या एकदाच विचारावे आणि तिघांचे उत्तर त्याला एकत्र मिळावे.

साल २००९ होते. त्या सप्टेंबरात गूगलने अ‍ॅप इंजिन या आपल्या प्रोग्राम चालवण्याच्या सेवेवर एक नवी सोय दिली होती. तिथे ठेवलेल्या प्रोग्रामला आता चॅटवरचे निरोप घेता येत आणि धाडताही येत. गूगलच्या जीटॉक या चॅटवर कुणी प्रोग्रामच्या पत्त्यावर दोन शब्द लिहिले, की अ‍ॅप इंजिन ते साध्या वेब विनंतीच्या रूपात प्रोग्रामच्या हाती देई. स्वतःचा सर्व्हर घ्यायला नको की रात्री जागून सांभाळायला नको.

तरुणाने प्रोग्राम लिहिला. निरोप आला की तो एकामागून एक तिन्ही वाचनालयांना विचारी, उत्तरे जुळवी आणि वाचकाला कळवी. लोक खूश झाले. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला.

मग संध्याकाळच्या गर्दीत वाचनालयांचे सर्व्हर मंदावू लागले. अ‍ॅप इंजिनचा नियम कडक होता. बाहेरच्या सर्व्हरची वाट फार तर १० सेकंद पाहता येई, आणि सगळे काम ३० सेकंदांत संपले नाही तर ते तिथेच तोडले जाई. तिघांची वाट पाहता पाहता वेळ संपून जाई. वाचकाला काहीच कळत नसे. तो पुन्हा विचारी, पुन्हा विचारी. दर निरोपामागे तीन नवे प्रश्न निघत आणि मंद सर्व्हर आणखी मंद होत. तरुणाने प्रोग्राम पुष्कळ सुधारला, पण फरक पडला नाही.

एके दिवशी तो थोरल्या वाचनालयात बसला होता. एका आजींनी जुना दिवाळी अंक मागितला. म्हातारे शिपाईकाका म्हणाले, "माळ्यावर असेल. बसा, बघून येतो." आजी वर्तमानपत्र चाळत बसल्या.

तेवढ्यात एका गृहस्थाने पुस्तक मागितले. काउंटरवरचा नवा मुलगा काही न बोलता आत गेला. थोड्याच वेळात गृहस्थ ओरडले, "अहो, आहे का कुणी?" मुलगा शोध अर्धवट टाकून बाहेर आला, पुन्हा आत गेला, पुन्हा हाक आली. काका अंक घेऊन उतरले तेव्हाही मुलाची ये-जा चालूच होती.

तरुणाने विचारले, "काका, तुम्हाला इतका वेळ लागला, तरी आजी काही बोलल्या नाहीत?"

काका म्हणाले, "मी कशाला गेलोय हे त्यांना ठाऊक होतं ना!"

तरुण घरी आला आणि त्याने प्रोग्रामचे दोन भाग केले. पहिला भाग निरोप येताच लिही, "तुमचं पुस्तक शोधतोय, मिळालं की कळवतो." मग काम अ‍ॅप इंजिनच्या 'टास्क क्यू' या कामांच्या रांगेत लावून तो मोकळा होई. दुसरा भाग रांगेतले एकेक काम उचली. एखाद्या वाचनालयाने उत्तर दिले नाही, तर थोडे थांबून पुन्हा विचारी. रांग किती वेगाने सरकावी हे तरुणाने ठरवून दिले होते.

सर्व्हर तेच होते. पण वाचकांनी पुन्हापुन्हा विचारणे सोडले, तशी गर्दी ओसरली आणि उत्तरेही लवकर येऊ लागली.

वर्षे गेली. २०१७ च्या ऑक्टोबरअखेर अ‍ॅप इंजिनवरची ती चॅटची सोय बंद झाली. तरुणाने दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपसाठी सगळे नव्याने लिहिले. पहिले काम मात्र तेच ठेवले: निरोप आला की आधी पोच, मग शोध.

माणूस उशीर सोसतो. आपली दखलच घेतली नाही, हे त्याला सोसत नाही. म्हणून काम लगेच जमणार नसेल, तर निदान ऐकल्याचे लगेच सांगावे. आणि एकदा सांगितले, की ते काम तडीस न्यावे. पोच देऊन विसरणारा गप्प राहणाऱ्याहून वाईट.