क-२

माझ्या हातून दोन पापं घडली, आणि दोन्ही समूहगीतातली. पहिलं सातवीत. मी वर्षभर नुसते ओठ हलवले. मी आवाज काढला की शेजारचेही बेसूर होत, म्हणून बाईंनीच तशी सोय केली होती. वर्षअखेर गायनात 'उत्तम' मिळालं. मौनाला एवढा भाव पुढे कुठेच मिळाला नाही. घरात तर नाहीच.

दुसरं पाप मास्तर झाल्यावर, अक्कलकुवा तालुक्यात. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आठवीपर्यंत कलेलासुद्धा अ-१, अ-२ करत श्रेणी लावणं आलं. घरात पेटी आहे, एवढ्या पुराव्यावर गायन माझ्याकडे! आता तुम्हीच सांगा, तीस पोरांनी एका आवाजात गावं म्हणून घसा फोडायचा, आणि गायली की प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून मोजायचा. शिजलेल्या वरणातून ज्याची त्याची डाळ परत करण्यातला प्रकार!

आठवीत काठीचा एक मुलगा होता. गाण्यात नेहमी अर्धी मात्रा पुढे. मी डोळे वटारले की गप्प. दिवाळीआधी त्याला क-२ दिली; वर सुवाच्य अक्षरात वर्णनात्मक नोंद: 'लयीकडे लक्ष द्यावे.' न गाता मला उत्तम, गाऊन त्याला क-२. पण हा हिशेब तेव्हा कुठला सुचायला!

फाल्गुनात काठीची राजवाडी होळी पाहायला गेलो. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि सुके भोपळे. पहाटे तो उंच बांबू पेटेपर्यंत ढोल थांबत नाही की पाय. बाजूच्या एका फेरात आमचा क-२! इतक्या पायांत त्याचा पाय कुठे चुकेना. आणि कोण बरं नाचतो, कोण वाईट, हे टिपायला तिथे वहीवाला कुणी नव्हता. होतो तो मीच, तोही सुट्टीवर.

त्यानं मला आत ओढलं. दोन फेऱ्यांत तीनदा शेजाऱ्याच्या पायावर पाय दिला. पोरगं हसलं नाही. हात घट्ट धरून हळूच म्हणालं, "सर, तुम्ही मागे राहता. पेटीवर पण."

सोमवारी वही काढली. क-२ खोडावी, तर खाली मुख्याध्यापकांची सही. अखेर त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं, 'पेटी मागे राहते.'

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं तेवढंच वाचलं.

"दुरुस्तीला टाकली का?"

"टाकतो," मी म्हणालो.