जुनी फटफटी आणि सौंदर्याचा खरेखोटेपणा

दोन वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेतील ओहायो राज्यात भाच्याच्या घरी महिनाभर राहून आलो. निघण्याच्या आदल्या दिवशी बहिणीने लोणच्याच्या बरणीबरोबर एक कामगिरीही आमच्या हवाली केली. "दादा, तू त्याला दोन शब्द समजावून सांग. घरात दोन लेकरं, डोक्यावर घराचं कर्ज, आणि हा जुन्या मोटारसायकलीच्या नादी लागलाय. सून फोनवर काही बोलत नाही, पण तिचा सूर मला कळतो." अशी कामे आपल्याकडे मामावरच येतात. विमानात आम्ही मनातल्या मनात उपदेशाची जुळवाजुळवही करून ठेवली होती. भौतिक वस्तूंची आसक्ती, कुटुंबाप्रती कर्तव्य, वेळेचा सदुपयोग. आमच्या पिढीच्या माणसाला हे विषय शोधावे लागत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी त्याने आम्हांला गॅरेजमध्ये नेले आणि पडदा दूर करावा तशी एक जुनी चादर बाजूला केली. खाली उभी होती १९८५ सालची होंडा शॅडो. आमचा उपदेश तेथेच काहीसा अडखळला, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. ती वस्तू देखणी होती.

या जातीच्या मोटारसायकलींना तिकडे 'क्रूझर' म्हणतात. वेगाची ईर्ष्या नसलेली, रमतगमत लांबचा रस्ता कापणारी ही गाडी. तिचे रूप एका रेषेत सामावलेले असते. हँडल उंचावून स्वाराकडे मागे वळलेले. तेथून पाण्याच्या थेंबाच्या आकाराची टाकी उतरत येते, बैठक जवळजवळ मागच्या चाकाच्या उंचीपर्यंत खाली जाते आणि मडगार्डपाशी रेषा पुन्हा किंचित वर उठते. पुढचे चाक तिरप्या दांड्यांवर पुढे सरकवलेले. स्वाराचे पाय पुढे, पाठ ताठ. शर्यतीच्या गाडीवर माणूस पालथा पडतो, येथे तो आरामखुर्चीत बसतो. आणि या सगळ्याच्या मध्यभागी उघडे इंजिन. शर्यतीच्या गाड्या आपले इंजिन प्लॅस्टिकच्या कवचाखाली झाकतात. क्रूझर मात्र ते देवघरातल्या समईसारखे समोर मांडते. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे एकमेकांपासून फाकलेले दोन सिलिंडर, त्यांच्यावर एकाखाली एक रचलेल्या पातळ पात्या, ज्यांना मेकॅनिक 'फिन्स' म्हणतात, आणि बाजूने निघालेल्या चकचकीत नळ्या. भाचा दात घासण्याच्या जुन्या ब्रशने त्या पात्यांमधली धूळ काढत होता.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हांला एक गंमत सांगू? या पात्यांना खरं म्हणजे फारसं काम नाही."

पात्यांचे काम इंजिन थंड ठेवण्याचे. जितका पृष्ठभाग जास्त, तितका वारा अधिक उष्णता वाहून नेतो, म्हणून हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला त्या लागतातच. परंतु त्याच्या गाडीचे इंजिन पाण्याने थंड होते. पाण्याची जाळी, म्हणजे रेडिएटर, पुढच्या दोन नळ्यांच्या मध्ये सहज नजरेस येणार नाही अशी बसवलेली. थोडीफार उष्णता पात्यांतूनही जात असेल, परंतु त्या आहेत त्या मुख्यतः जुन्या इंजिनासारखे दिसावे म्हणून. हे त्याला गाडी घेतल्यावर वर्षभराने कळले, तेव्हा तो खट्टू झाला होता. त्याने आम्हांला विचारले, "मग हे खोटंच ना, मामा? आणि खोट्या गोष्टीवर माणसाचा एवढा जीव कसा जडतो?"

आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. परतल्यावर आम्ही या गाड्यांविषयी जे मिळेल ते वाचून काढले आणि लक्षात आले की, भाच्याच्या पात्या हे या प्रकरणातले अगदी किरकोळ असत्य आहे.

क्रूझरच्या रूपाचे मूळ अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, १९०३ साली सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या गाड्यांत आहे. त्या कंपनीच्या मोठ्या गाड्यांना १९५७ सालापर्यंत मागच्या चाकाला स्प्रिंगच नसे. चाक थेट सांगाड्यात बसवलेले. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा स्वाराच्या कण्याला जाणवे, पण मागची रेषा मात्र टाकीपासून चाकाच्या आसापर्यंत सरळ, स्वच्छ उतरे. १९५८ साली मागे स्प्रिंगा आल्या, पाठीला सुख झाले आणि रेषा मोडली. मग १९८४ साली कंपनीने 'सॉफ्टेल' नावाची गाडी आणली. तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंगा होत्या, परंतु त्या गिअरबॉक्सच्या खाली आडव्या लपवल्या होत्या. पाहणाऱ्याला वाटावे, ही ती जुनी, कणा खिळखिळा करणारी गाडी. स्वाराला मात्र गादीचे सुख. पुढे १९८८ साली याच कंपनीने पुढच्या चाकाचा, १९४९ मध्येच आपल्या मोठ्या गाड्यांवरून मागे टाकलेला, उघड्या स्प्रिंगांचा दांडा पुन्हा बाजारात आणला.

जपानी कंपन्यांनी ही रेषा उचलली. यामाहाची व्हिरागो १९८१ साली आली, होंडाची शॅडो १९८३ साली. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने आपल्या देशी कंपनीला वाचवण्यासाठी ७०० घनसेंटीमीटरहून मोठ्या आयात गाड्यांवर ४५ टक्के जादा कर बसवला. जपान्यांनी ७५० ची इंजिने ७०० च्या आत आणून कर चुकवला. आमच्या भाच्याच्या गाडीचे आकारमान असे एका कायद्याने ठरवलेले आहे! सौंदर्याच्या इतिहासात जकातीचाही वाटा असतो, हे आम्हांला नव्याने कळले. १९८७ साली हार्लेनेच 'आता कर नको' असे सरकारला कळवले, हेही तितकेच खरे.

नक्कल रूपावरच थांबली नाही. हार्लेच्या इंजिनात दोन्ही सिलिंडरांचे दांडे एकाच खिळ्यावर फिरतात, त्यामुळे दोन स्फोटांमधले अंतर सारखे नसते आणि लंगडत चालल्यासारखा तो प्रसिद्ध आवाज येतो. शॅडोच्या रचनाकारांनी आपले इंजिन याहून शांत, कमी थरथरणारे केले होते. परंतु १९९५ साली होंडाने अकराशेच्या शॅडोची एक आवृत्ती अशी काढली की, तिच्यात मुद्दाम एकच खिळा ठेवला. शक्ती कमी झाली, थरथर वाढली, पण आवाज लंगडा झाला. चांगले चालणाऱ्याने लंगडण्याची तालीम करावी, तसे हे. इकडे हार्लेने १९९४ साली आपल्या आवाजावरच व्यापारी हक्क मागणारा अर्ज केला आणि सहा वर्षांच्या वादानंतर तो सोडून दिला. आपल्या मराठीने तर या वाहनाचे नावच आवाजावरून ठेवले: फटफटी. दिल्लीकरही महायुद्धातल्या जुन्या हार्ले गाड्यांवर बनवलेल्या सहाआसनी रिक्षांना फटफटीच म्हणत. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या रस्त्यावर धावत होत्या. त्या आवाजावर मालकी सांगण्याचे मात्र आपल्याकडे कोणाला सुचले नाही.

तर प्रश्न असा: लपवलेली स्प्रिंग, बिनकामाची पाती आणि शिकवलेला आवाज, हे सगळे असत्य आहे काय?

असत्याचा विचार संत अगस्तीनने जितक्या कठोरपणे केला तितका क्वचितच कोणी केला असेल. थट्टेत बोललेला शब्द मात्र तोही असत्यात धरत नाही, कारण त्यात फसवण्याचा हेतू नसतो. या कसोटीवर पात्यांना उभे करून पाहू. कोणाला फसवले जात आहे? विकत घेणाऱ्याला? शॅडोच्या माहितीपत्रकात पाण्याने थंड होणारे इंजिन असे अभिमानाने छापलेले असते. सॉफ्टेलच्या मालकाला तर लपवलेल्या स्प्रिंगेसाठीच जास्त पैसे मोजायचे असतात. आपल्या जुन्या चर्चमधल्या वेदी आठवा. लाकूड कोरून त्यावर सोन्याचा वर्ख दिलेला. ती भरीव सोन्याची आहे असे कोणीही समजत नाही, आणि सुताराने लबाडी केली असेही कोणी म्हणत नाही. जो अलंकार अलंकार म्हणूनच समोर येतो, तो खोटे बोलत नाही. एवढे आम्ही भाच्याला निःशंकपणे सांगू शकलो असतो.

परंतु प्रश्न येथे संपला असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. दुसऱ्याला फसवण्यापेक्षा स्वतःला फसवणे सोपे असते. या गाड्यांच्या जाहिरातींत गाडीपेक्षा रस्ता अधिक विकला जातो: मोकळे माळरान, मावळता सूर्य आणि कोणालाही उत्तर देण्यास बांधील नसलेला एक पुरुष. चाळिशीतल्या, कर्जबाजारी, दोन लेकरांच्या बापाला हे चित्र का आवडते, ते समजण्यास मानसशास्त्र लागत नाही. खोट्या पात्यांपेक्षा हा खोटा माणूस आम्हांला अधिक धोक्याचा वाटतो. भाच्याला आम्ही आडून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, सोमवारी सकाळी सहाला मी गोदामात हजेरी लावतो. मी कोण आहे ते मला माहीत आहे." उत्तर चांगले होते. सूनबाई चहा घेऊन आली होती, तिने ते ऐकले आणि ती काही बोलली नाही.

नंतर एकदा ती आमच्याशी बोलली. पैशाबद्दल तिची तक्रार नव्हती. गाडी त्याने एका वृद्ध गृहस्थाकडून अगदी स्वस्तात घेतली होती. "रविवारी मिस्सा झाली की ते गॅरेजमध्ये जातात, मामा. संध्याकाळी हात धुऊन येतात तेव्हा मुलं झोपायला निघालेली असतात. त्या पात्यांच्या फटी त्यांना जितक्या ठाऊक आहेत, तितकी माझी..." वाक्य तिने पुरे केले नाही.

संत थॉमस अक्वायनसच्या विचारात सुंदर म्हणजे नुसत्या पाहण्याने जे सुखावते ते. सौंदर्य पाहताच इच्छा तेथे विसावते. हा विचार आम्हांला नेहमी फार आवडला आहे, परंतु मालकांच्या बाबतीत तो अपुरा पडतो, असे आता वाटते. भाच्याला गाडी पाहून समाधान होत नव्हते. तिचे कार्ब्युरेटर उघडून, हिवाळ्यात घट्ट झालेले पेट्रोल सुईने काढून, बॅटरी घरात आणून ठेवून त्याचे समाधान होत होते. पाहणे हे त्याच्या लेखी केवळ निमंत्रण होते. जुन्या गाडीच्या मालकाचे प्रेम कष्टाचे असते आणि म्हणूनच त्याला नुसती चैन म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याचबरोबर, कष्टाचे आहे म्हणूनच ते वेळ खाते, आणि तो वेळ कोणाचा तरी असतो. आमच्याकडच्या बुलेटवाल्यांच्या घरीही हीच कथा आम्ही ऐकली आहे. बुलेट काही क्रूझर नव्हे, पण तिचे प्रेमिक त्याच मातीचे. जुने ओतीव लोखंडाचे इंजिन बंद होऊन नवे आले, तेव्हा आमच्या परिचयातले एक गृहस्थ घरात कोणी गेल्यासारखे गप्प झाले होते.

आणखी एक गोष्ट आम्हांला सारखी जाणवते. भाच्याची शॅडो १९८५ साली जन्मली, तेव्हा ती म्हातारपणाचे सोंग घेऊन जन्मली. त्या काळच्या जाणकारांनी तिला नक्कल म्हटले, ते योग्यच होते. परंतु मधल्या चाळीस वर्षांत ते सोंग वयाने खरे केले. टाकीवरचा रंग उन्हाने खरोखर फिका झाला, क्रोमवर गंजाचे खरे ठिपके आले, बैठकीचे कातडे आधीच्या मालकाच्या बसण्याने दबले. जुनी दिसावी म्हणून केलेली गाडी आता जुनी आहे. आज ज्याचे तिच्यावर मन जडते, त्याचे कंपनीच्या चतुराईवर जडत नाही. टिकून राहिलेल्या एका वस्तूवर जडते. खोट्याने सुरू झालेली गोष्ट पुष्कळ काळ निष्ठेने सांभाळल्याने खरी होऊ शकते काय? माणसांच्या बाबतीत याचे उत्तर देण्यास आम्ही कचरतो. यंत्राच्या बाबतीत होय म्हणावेसे वाटते.

उपदेश शेवटी आम्ही केला, पण तो वेगळ्याच कारणाने. आधीच्या मालकाने मूळ सायलेन्सर काढून उघड्या नळ्या बसवल्या होत्या. अमेरिकेत १९८६ पासूनच्या नव्या मोटारसायकलींना आवाजाची मर्यादा ८० डेसिबलची आहे आणि त्याआधीच्या तीन वर्षांच्या गाड्यांना ८३ ची. त्या नळ्यांना कोणतीच मर्यादा ठाऊक नव्हती. मोठा आवाज स्वाराचा जीव वाचवतो, कारण मोटारवाल्यांना तो ऐकू येतो, असे या मंडळींचे लाडके समर्थन आहे. भाचा पहाटे ती सुरू करी तेव्हा शेजारच्या खिडकीत दिवा लागे. तेथे एक आजारी वृद्धा राहत होती. आम्ही म्हणालो, "बाळा, पात्यांचं सोड. त्या कोणाचं काही घेत नाहीत. या नळ्या त्या बाईंची झोप घेतात. आणि तुझ्या रविवारचा हिशेब तू सूनबाईला विचार, मला नको." तो लाल झाला. काही बोलला नाही.

या वर्षी ईस्टरला फोन आला. रविवारची संध्याकाळ आता मुलांची, असे सूनबाई म्हणाली. किती रविवार टिकले ते आम्ही विचारले नाही. १९८५ च्या शॅडोचे मूळ सायलेन्सर मिळणे दुरापास्त, पण जोडीतला एक भाच्याला जुन्या सामानाच्या दुकानात सापडला आहे, जरा चेपलेला. दुसरा मिळेपर्यंत तो गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत ढकलत नेतो आणि तेथे गेल्यावर सुरू करतो. गाडीचे वजन दोनशे किलोच्या वर आहे.